डेनाचा हात आणि आपला नकार

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात मी ऑक्टेव्हिया बटलरच्या 'किंड्रेड' या कादंबरीवर बोलले. बोलणं संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता उठला. पोरगा चांगला आहे. वाचतो, मोर्चात पुढे असतो. म्हणाला, "ताई, तुमची ही डेना आपल्याला नाही पटली. नायिका कसली ती? मालकाच्या घरात राहते, त्याचा जीव वाचवते, वर दुसऱ्या बाईला त्याच्याकडे जा म्हणून निरोप देते. ही तर फितूर. आणि विज्ञानकथा म्हंजे पोट भरलेल्यांचा खेळ. आपल्याला काय त्याचं?"

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. चहा आला, विषय पांगला. पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण 'फितूर' हा शब्द मीही एकदा वापरलेला आहे. माझ्या आजीला. ते पुढे सांगते. आधी त्या पोट भरलेल्यांच्या खेळाचा हिशोब.

तो आरोप अर्धा खरा आहे. अमेरिकन विज्ञानकथेची जुनी मासिकं बघा. यान गोऱ्याचं, ग्रह गोऱ्याचा, बंदूक गोऱ्याची आणि मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई. पण उरलेला अर्धा आरोप खोटा आहे, आणि तो खोटा ठरवणारा माणूस आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहून निग्रोंनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, त्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनीच १९२० साली 'द कॉमेट' नावाची विज्ञानकथा लिहिली होती. जिम डेव्हिस हा बँकेतला काळा निरोप्या. त्याला जुने कागद आणायला तळघरात धाडतात. तेवढ्यात धूमकेतूच्या शेपटीतला विषारी वायू न्यूयॉर्कवरून जातो आणि शहर मरून पडतं. तळघरात होता म्हणून हा वाचतो. ज्या हॉटेलात काल त्याला कुणी वाढलं नसतं तिथं आज मेलेल्यांच्या मधून जाऊन तो हाताने घेऊन खातो. मग एक श्रीमंत गोरी तरुणी भेटते, ज्यूलिया. दोघंच उरलेत म्हटल्यावर तिला तो माणूस दिसायला लागतो. जगात दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा कुठं दिसतो, हे ध्यानात घ्या. आणि मग तिचा बाप नि होणारा नवरा येऊन पोचतात, कळतं की फक्त शहर मेलंय, बाहेरचं जग शाबूत आहे. क्षणात जिम पुन्हा काळा. जमाव त्याला टांगायची भाषा करतो.

म्हणजे जातिव्यवस्था मोडायला अख्खं शहर मरावं लागतं, आणि तरी ती मोडत नाहीच. हे पोट भरलेल्याला सुचणार नाही.

पण माझा सवाल वेगळा आहे. कथेच्या अगदी शेवटी गर्दीतून एक कष्टाने झिजलेली काळी बाई येते. जिमची बायको. एका हातावर मेलेलं पोर. जिमला हाक मारते, आणि कथा संपते. ती कशी वाचली? त्या मेलेल्या शहरातून पोराला घेऊन कुठून कुठं चालली? डु बॉइससारख्या माणसालाही ती गोष्ट सांगावीशी वाटली नाही. त्याची नजर गोरी बाई नि काळा पुरुष यांच्यावर खिळलेली. आपल्या साहित्यातही हे काही कमी झालेलं नाही. आई येते ती डोक्यावर मोळी घेऊन कवितेत येते, पोराच्या दुःखाला धार लावते आणि निघून जाते.

आता गोऱ्या स्त्रीमुक्तीवाल्यांकडे वळू. त्यांनी या प्रकरणात खरोखर काम केलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जोआना रस स्वतः विज्ञानकथा लिहायची. १९७२ साली तिने एका निबंधात सवाल टाकला की कादंबरीतली बाई करू काय शकते? तिचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या संस्कृतीतली सगळी कथानकं पुरुषांसाठी शिवलेली आहेत. तो लढतो, शोध लावतो, राज्य घालवतो, परत मिळवतो. बाईच्या वाट्याला एकच कथानक, प्रेम. ते जमलं तर लग्न, फसलं तर वेड किंवा मरण. विज्ञानकथेत मात्र जगच नवं रचायचं असतं, म्हणून तिथं बाईला काही करता येईल. रसबाईची भाषा झोंबरी आहे. समीक्षा अशीच लिहावी.

पुरुषांची समीक्षा किती पाण्यात होती त्याचा एक किस्सा सांगते, कारण तो सांगण्यासारखाच आहे. जेम्स टिपट्री ज्युनियर नावाचा एक विज्ञानकथाकार गाजत होता. १९७५ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामांकित लेखकाने त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि टिपट्री बाई असावी ही कुजबूज उडवून लावली, कारण म्हणे या लेखनात काहीतरी खास पुरुषी आहे. पुढे दोनेक वर्षांत उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाची साठीतली बाई. बघा! नाव झाकलं की नजर कशी बदलते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आडनाव विचारून मग कविता वाचणारे इथं थोडे आहेत काय?

या बायांच्या चळवळीला एक नायिका पडद्यावर मिळाली ती १९७९ साली. 'एलियन' चित्रपटातली रिप्ली. मालवाहू यानावरची अधिकारी, सगळे मेल्यावर एकटी त्या श्वापदाला पुरून उरते. मी हा चित्रपट उशिरा पाहिला आणि मला आवडला. शेवटी तिला अंतर्वस्त्रांवर उभी करून कॅमेऱ्याने केलेला लाळघोटेपणा सोडला तर रिप्ली डोकं शाबूत ठेवून वागते. पण रिप्ली घडली कशी ते पाहा. मूळ पटकथेतच सूचना होती की यानावरचं कुठलंही पात्र पुरुष किंवा बाई असलं तरी चालेल. भूमिका अदलाबदल करता येतात. म्हणजे रिप्लीच्या जागी पुरुष ठेवा, श्वापद तेच, पळापळ तीच, स्फोट तोच. गोऱ्या स्त्रीवादी लेखिकांना यात समता दिसली. दिसणारच. तेव्हाच्या मानाने ती मोठी गोष्ट होती.

मला त्याच यानावरचा पार्कर आठवतो. तळाशी इंजिनात राबणारा काळा कामगार. सुरुवातीलाच तो नि ब्रेट आपल्या वाट्याच्या पैशाचा प्रश्न काढतात आणि वरचे त्यांना उडवून लावतात. यान आकाशात कितीही दूर गेलं तरी वरचा मजला नि खालचा मजला तसाच. रिप्लीची अदलाबदल होते. पार्करला खालून वर आणून बघा बरं, चित्रपट तसाच राहतो का?

याआधी १९६६ पासून 'स्टार ट्रेक' या मालिकेत उहुरा होती. निशेल निकोल्स ही काळी नटी ते काम करायची. पहिल्या वर्षानंतर ती सोडून निघाली होती, मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं, हे तिने पुढे अनेकदा सांगितलं. किंग यांचं बरोबरच होतं. काळी बाई अधिकारी म्हणून यानावर दिसणं, तेही मोलकरीण न होता, हे घराघरात पोचत होतं. पण एपिसोडमागून एपिसोड उहुरा करते काय? कानाला यंत्र लावून निरोप जोडून देते. जागा मिळाली, गोष्ट मिळाली नाही. आपल्या राखीव जागांवरच्या बायांना विचारा, त्यांना उहुरा लगेच कळेल.

आणि आता बटलर.

ऑक्टेव्हिया बटलर १९४७ साली कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला जन्मली. बाप बूटपॉलिश करायचा, तो ती लहान असतानाच गेला. आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करायची. पोर आईबरोबर जायची. मागच्या दाराने आत जायचं, मागच्या दाराने बाहेर. लोक आईदेखत आईबद्दल घाण बोलायचे, आई ऐकलं न ऐकल्यासारखं करायची. पोरीला आईची लाज वाटायची. बारा वर्षांची असताना तिने टीव्हीवर मंगळावरच्या बाईचा एक टुकार सिनेमा पाहिला आणि यापेक्षा बरं मी लिहीन म्हणून लिहायला बसली. पुढे भांडी घासणं, फोनवरून माल विकणं, बटाट्याचे खराब वेफर्स निवडणं अशी कामं करत, पहाटे दोनला उठून लिहीत राहिली. हे मी तिची करुण कहाणी म्हणून सांगत नाही. कादंबरीची जमीन कुठली ते कळावं म्हणून सांगतेय.

'किंड्रेड'चं बीज तिला कॉलेजात मिळालं. एक तरुण काळा मुलगा, चळवळीतला, इतिहास चांगला ठाऊक असलेला. तो म्हणाला, इतकी वर्षं आपल्याला मागे ठेवणाऱ्या या सगळ्या म्हाताऱ्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात मला माझ्या आईबापांपासून करावी लागेल. बटलरने हे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. तिला वाटलं, ह्याला इतिहासाच्या तारखा ठाऊक आहेत, पण त्या म्हाताऱ्यांनी काय गिळलं म्हणून हा आज इथं उभा आहे, ते ह्याच्या अंगात उतरलेलं नाही. मग तिने ठरवलं, आजच्या माणसाला उचलून गुलामीच्या काळात टाकायचं.

आणि इथं ती गंमत झाली, जी मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. बटलरने आधी नायक पुरुष घेऊन पाहिला. जमेना. विसाव्या शतकातला काळा पुरुष १८१५ सालच्या मेरीलँडमध्ये उतरला तर त्याची ताठ चाल, डोळ्याला डोळा देऊन बोलणं एवढ्यावरच त्याला ठार केला असता. कथा पहिल्या फेरीतच संपली असती. बाईला मात्र धोकादायक समजलं जात नाही. तिला मारतील, भोगतील, पण लगेच ठार करणार नाहीत. म्हणून नायिका. रिप्लीची अदलाबदल होते, डेनाची होत नाही. डेना बाई आहे हे कथेला चिकटवलेलं कुंकू नाही, तो कथेचा कणाच आहे. गोऱ्या समीक्षेने नायिकेची परीक्षा घेतली ती अशी, की ही पुरुषाच्या जागी चालेल का? बटलरची परीक्षा उलटी आहे. ज्या जागी पुरुष टिकलाच नसता तिथं बाई टिकली ती कशी, आणि त्याची किंमत काय?

गोष्ट अशी. डेना सव्वीस वर्षांची लेखिका, साल १९७६. पोटासाठी ती रोजंदारीवर मिळेल ते काम करत आलेली, त्या कामाच्या ऑफिसला ती गुलामांचा बाजार म्हणायची. नवरा केव्हिन गोरा, लेखकच. भला माणूस, पण आपली हस्तलिखितं हिनं टाईप करावीत असं त्याला सहज वाटतं. वाढदिवसाच्या दिवशी डेनाला भोवळ येते आणि ती दीडशे वर्षं मागे जाऊन पडते. समोर एक गोरा पोरगा नदीत बुडतोय. ती त्याला वाचवते. तो रूफस वेलिन, मळेमालकाचा मुलगा आणि डेनाचा पूर्वज. त्याचा जीव धोक्यात आला की ती ओढली जाते, तिचा स्वतःचा जीव धोक्यात आला की परत येते. असं सहा वेळा. यंत्र नाही, समीकरण नाही. बटलर स्वतःच म्हणायची की यात विज्ञान नाही, ही विज्ञानकथा नव्हेच. पण काळाचा प्रवास विज्ञानकथेचा, आणि तो उलटा फिरवलाय. इतरांच्या नायकांना काळयान भविष्यात नेतं. हिला खेचून मागच्या दारात नेऊन उभं करतं.

तिढा हा की रूफस जगला पाहिजे. अॅलिस ही स्वतंत्र जन्मलेली काळी मुलगी, तिच्यापासून रूफसला हेगर नावाची मुलगी व्हायची आहे. ती झाली तर पुढे डेनाचा वंश. अॅलिस नवऱ्याला पळून जायला मदत करते, पकडली जाते, गुलाम होते, रूफस तिला विकत घेतो. आणि डेनाला सांगतो, तू तिला समजाव, नाहीतर मी मारून मारून नेईन. डेना अॅलिसकडे जाते. ती जा म्हणत नाही. तुझ्यापुढे काय काय आहे तेवढं सांगते. पण निरोप पोचवते. आमच्या वर्गातला पोरगा इथंच अडला. बरोबर अडला. बटलरने ते पान कुणालाच सुखाने ओलांडू नये म्हणून लिहिलंय.

मी अडले होते ते सारापाशी. सारा वेलिनच्या घरची स्वयंपाकीण. तिची पोरं मालकाने विकली, एक मुकी मुलगी कॅरी तेवढी ठेवली. का ठेवली? ती आहे तोवर सारा पळणार नाही, बंड करणार नाही. डेना सारासंबंधी मनात म्हणते की साठीच्या दशकातल्या लढाऊ पोरांनी हिला हिणवलं असतं, मालकाच्या चुलीपाशी सुखावलेली म्हातारी म्हणून. आणि मग दिवस जातात तशी डेनाला कळत जातं की सारा रोज सकाळी स्वतःचा राग विझवून चूल पेटवते.

आता आजीचं सांगते. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि आमच्या गावच्या वस्तीने ठरवलं, येसकरी बंद, मेलं ढोर ओढणं बंद, बलुतं मागायचं नाही. गावाने बहिष्कार टाकला. मजुरी बंद, गिरणी बंद, दुकानदार मीठ देईना. माझा बाप तेव्हा तालुक्याला बोर्डिंगात शिकत होता, धाकटी दोन घरी. आजी अंधार पडल्यावर एका वाड्याच्या मागच्या दाराने जायची. शेण काढायची, दळण दळायची, कण्या-चुणी पदरात बांधून आणायची. वस्तीत कळलं. पंचांनी बोलावून बोल लावला. आजी खाली मान घालून आली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा गेली.

मी हे ऐकलं ते होस्टेलला असताना, ऐंशीच्या दशकात. नवे नवे शब्द शिकले होते. विद्रोह, नकार, अस्मिता. सुटीत घरी आले आणि आजीला म्हणाले, "आजे, सगळी वस्ती लढत होती आणि तू फितूर झालीस." आजी भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "व्हय, झाले. तुझ्या बापाला काय दगुड घालू व्हते खायाला? आन् ज्यांनी मला बोल लावला, त्यांची पोरं बी माझ्याच चुलीम्होरं बसायची. त्यांस्नी इचार."

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

आता मी आजीचा पुतळा उभारायला निघालेली नाही. ठराव बरोबर होता. सगळेच मागच्या दाराने गेले असते तर बहिष्कारापुढे आम्ही आठवड्यात लोटांगण घातलं असतं, आणि मी आज कुठल्यातरी वाड्यात शेणच काढत असते. पण त्या ठरावाला पोसलं कुणी, हे ठरावाच्या वहीत नाही. बटलरचं मोठेपण यात आहे की ती दोन्ही बाया समोरासमोर ठेवते. अॅलिस नकार देणारी आणि डेना तगणारी. रूफस तर म्हणतो की तुम्ही दोघी मिळून एकच बाई आहात. हे वाक्य मालकाच्या तोंडी आहे हे विसरू नका. त्याला एकीचं शरीर पाहिजे, दुसरीचं बोलणं पाहिजे. बाईचे दोन तुकडे त्याने केले. आपण पुढे त्या तुकड्यांची स्पर्धा लावतो, यात खरी नायिका कोण म्हणून!

अॅलिसचा शेवट वाचवत नाही. ती मुलांना घेऊन पळते, पकडली जाते. रूफस तिला अद्दल घडवायला सांगतो की तुझी मुलं विकली. खरं तर ती त्याने बाल्टिमोरला मावशीकडे धाडलेली असतात. अॅलिस गळफास घेते. आणि मग रूफस डेनाकडे वळतो. इथं डेना सुरी चालवते. आजवर वाचवलेल्या माणसाला मारते आणि वर्तमानात येते. पण ज्या जागी त्याने हात धरलेला असतो तिथं तिचा डावा हात घराच्या भिंतीत अडकतो, आणि कोपराच्या वरून तुटतो. तारीख ४ जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा दोनशेवा वाढदिवस, बाहेर आतषबाजी. बटलर म्हणाली होती की तिला डेनाला अख्खी परत आणताच येईना, गुलामीने माणसं अख्खी सोडली नाहीत.

आमच्या पोराला मला हे सांगायचं होतं की डेनाचाही नकार आहे. पण तो जाहीरनाम्यातला नकार नाही. कुठवर सोसायचं याची एक रेघ ती मनात धरून असते. ती रेघ कितीदा मागे सरकते ते तिचं तिलाच दिसतं, आणि शेवटी एका जागी ती सरकत नाही. मधल्या काळात तिने पोरांना चोरून वाचायला शिकवलं आणि त्यापायी चाबूक खाल्ला. एकदा पळून पाहिलं, काही तासांत पकडली गेली. शिकलेली बाई, विसाव्या शतकाचं ज्ञान डोक्यात, पण गाव सोडून पळायला लागतं ते ज्ञान तिच्याकडे नव्हतं. शिकलेल्यांना ही पानं पचायला जड आहेत. उलट केव्हिन पाच वर्षं भूतकाळात अडकतो आणि तरी मोकळा हिंडतो, पळणाऱ्या गुलामांना मदतही करतो. त्याला वीर होण्याची मोकळीक आहे, कारण तो गोरा नि पुरुष आहे. शौर्यालाही परवाना लागतो, भाई.

'किंड्रेड' १९७९ साली आली, रिप्लीच्याच वर्षी. कितीतरी प्रकाशकांनी आधी परत पाठवलेली होती. पडद्यावर मालिका म्हणून यायला २०२२ उजाडलं, तीही एका हंगामात बंद केली. रिप्लीचे पुढचे भाग निघतच राहिले. असो.

१९८७ साली बटलरची 'डॉन' आली. तिथं नायिका लिलिथ, तीही काळी. पण पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्र गोऱ्या बाईचं! आत काळी, बाहेर गोरी. अणुयुद्धाने पृथ्वी नासलीय, ओआन्काली नावाच्या परग्रहवासीयांनी उरलेली माणसं वाचवून यानात झोपवून ठेवलीत. बदल्यात त्यांना माणसाच्या वंशात आपला वंश मिसळायचा आहे. लिलिथला ते जागं करतात आणि इतर माणसांना जागं करून तयार करायचं काम तिच्यावर टाकतात. लिलिथचा डाव असा की जे शिकवतात ते शिकून घ्या आणि जमिनीवर पोचलात की पळा. पण माणसांना ती दलाल वाटते. तिच्या जोडीदाराला माणसंच मारतात. आणि शेवटी तिला न विचारता तिच्या पोटात मूल ठेवलं जातं, वर सांगितलं जातं की तुला हे मनातून हवंच होतं. काही स्त्रीवादी वाचकांना हे परग्रहवासी फार प्रेमळ वाटतात, कारण त्यांच्यात तीन लिंगं आहेत, ते मारझोड करत नाहीत. मला नाही वाटत. तुझं भलं तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं म्हणणारे मालक आपण ओळखतो.

इथं माझं बटलरशी भांडणही आहे. ओआन्काली म्हणतात, माणूस बुद्धिमान आहे आणि उतरंड मानणारा आहे, हे दोन गुण एकत्र आले म्हणून तो मरणार, आणि उतरंड त्याच्या रक्तातच आहे. हे परग्रहवासीयाचं मत म्हणून सोडून दिलं असतं, पण मुलाखतींत बटलरही याच अंगाने बोलते. बाई, हे आम्ही मानू शकत नाही. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी मांडलं की जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे, आणि तिच्यामागे धर्मशास्त्रांचा आधार आहे. मनात घातलेली गोष्ट मनातून काढता येते. रक्तात आहे म्हटलं की मनूचं काम सोपं होतं. अमेरिकेत वंशाचा बडगा सोसलेल्या बाईने ही जैविक वाट का धरावी याचं मला कोडं वाटतं. कदाचित माणसांवर तिचा विश्वासच उरला नसेल.

पुढच्या एका कादंबरीत, १९९३ च्या 'पॅरबल ऑफ द सोअर'मध्ये, ती स्वतःच या निराशेशी झगडते. पंधरा वर्षांची लॉरेन, २०२४ सालच्या मोडकळीला आलेल्या अमेरिकेत. दुसऱ्याचं दुखणं तिला आपल्याच अंगात जाणवतं. घर जळाल्यावर ती रस्त्याने उत्तरेकडे चालत जाते, भेटेल त्या लुटलेल्यांना जोडत जाते आणि एक नवा धर्म रचते, ज्यात देव म्हणजे बदल. अनित्यतेशी आपली ओळख असल्याने आपल्याला हे दचकवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धर्म हा सापडतो असं नाही, तो विचार करून निवडताही येतो, हे आपल्या घरात घडलेलं आहे. लॉरेनचं ध्येय मात्र शेवटी तारे. पृथ्वी सोडून जायचं. तिथं माझा तिच्याशी रस्ता वेगळा होतो, आधी गावकुसाबाहेरचं बघू.

पण कार्यकर्त्यांनी वाचावा तो तिचा पुढचा भाग, 'पॅरबल ऑफ द टॅलेंट्स', १९९८. धर्माच्या नावावर सत्तेत आलेल्या पुढाऱ्याचे गुंड लॉरेनची वस्ती ताब्यात घेतात, तान्ही मुलगी पळवतात, ती परक्या घरी वाढते. मोठी झाल्यावर मुलीला आईची सगळी कर्तबगारी कळते आणि ती आईला माफ करत नाही. तू मला शोधण्यापेक्षा चळवळ वाढवलीस, हा तिचा आरोप. खरा की खोटा, बटलर ठरवत नाही. चळवळीत आयुष्य घालवलेल्या आपल्या किती बायांच्या मुलांकडे हे वाक्य तयार आहे? आणि किती पुरुषांच्या मुलांकडे? बापाला कुणी हा प्रश्न विचारत नाही, तो नुसता 'झोकून दिलेला' असतो. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या बाया पहिल्यांदा इतक्या मोठ्या संख्येने आपल्या तोंडाने बोलल्या. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' त्याआधीचं. ही पुस्तकं 'किंड्रेड'च्या शेजारी ठेवून वाचा, मग विज्ञानकथा आपली की परकी याचा वाद घालू.

संपादकांनी पानांची मर्यादा घातलीय, ती मी कधीच ओलांडली आहे. तो पोरगा परवा घरी आला होता. 'किंड्रेड'ची प्रत घेऊन गेला. काल त्याचा फोन आला, इंग्रजी जड जातंय म्हणाला, पण साराच्या पानापर्यंत पोचलाय. दर रविवारी सकाळी आमच्याकडे बसून मोठ्याने वाचायचं ठरलंय. कुणाला यायचं असेल तर या, चहा आहे.